खंडेनवमीला गेलेला टाक

नाव : गिरिजाबाई मानाजीराव जगताप, माहेरचे आडनाव लाड. वय ४१. धंदा : पर्यटकांना पायी म्हैसूर शहर दाखवणे. राहणार हूटगळ्ळी, म्हैसूर. माहेरचे घर लष्कर मोहल्ला, म्हैसूर.

आज दिनांक २३ ऑक्टोबर २०१५, विजयादशमी, रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, मला विचारले त्याला उत्तर म्हणून सांगते ते असे :

मी घरात मराठी बोलते, पण लिहायला कानडीच शिकले. हा जबाब इचलकरंजीच्या पोलिसांकडे पाठवावा लागेल म्हणून उपनिरीक्षक नरसिंहमूर्ती साहेबांनी तो मराठीत घ्यायला सांगितला. हेड कॉन्स्टेबल दत्तोजीराव निपाणीकडे नोकरी करून आलेले आहेत, ते लिहून घेत आहेत. माझ्या बोलण्यात कानडी शब्द आला की ते लेखणी थांबवून मराठी शब्द विचारतात. मला दर वेळी तो सापडत नाही, तिथे त्यांनीच घातला आहे.

माझे वडील शंभूराव फत्तेसिंगराव लाड, वय ७२, घोडेस्वार पोलिसातून निवृत्त. मी त्यांना अप्पा म्हणते. त्यांनी आज सकाळी तक्रार दिली आहे की काल खंडेनवमीला आमच्या देव्हाऱ्यातला चांदीचा एक टाक चोरीला गेला. संशय सुनंदा मुसळे या बाईंवर आहे. त्या माझ्या कालच्या फेरीत होत्या. त्यांना घरात मी नेले, म्हणून माझा जबाब घेत आहेत.

चोरीचे मला काही वाटत नाही. तो टाक माझ्या अंगठ्याएवढा आहे. पण बाईंची कापडी पिशवी आमच्या ओट्यावर राहिली, आणि तिच्यात त्यांच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आहेत. काल दुपारपासून बाईंचा पत्ता नाही. त्या सापडाव्यात एवढ्यासाठी मी बोलते आहे. त्यांच्यावर खटला भरायचा असेल तर मला त्यात साक्षीला धरू नये.

माझे काम असे. सकाळी माणसे दोड्ड गडियारपाशी, म्हणजे मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली जमतात. तिथून देवराज मार्केट, राजवाड्याचा बाहेरचा कोट, जुन्या गल्ल्या आणि शेवटी लष्कर मोहल्ल्यातले आमचे माहेरचे घर. दसऱ्यात राजवाडा कुणीही दाखवतो. जुन्या शिलेदाराच्या घरचा देव्हारा आणि हत्यारांची पूजा कुणी दाखवत नाही, ती मी दाखवते. माझ्या यजमानांना हे पसंत नाही. देव ही काय परक्यांना दाखवायची वस्तू आहे का, असे ते म्हणतात. अप्पांनी मात्र कधी हरकत घेतली नाही. दार उघडे असले, चार माणसे येऊन गेली की बरे वाटते, असे ते म्हणत.

मुसळेबाईंनी दसऱ्याच्या थोडे आधी फोन करून नाव नोंदवले होते. इचलकरंजीहून बोलते म्हणाल्या. पैसे किती, जेवण कुठे, ऊन किती, हे सगळे लोक विचारतात ते त्यांनी विचारले नाही. मोबाईलवर कुणीतरी तुमच्या फेरीचे चित्रण दाखवले, त्यातले घर नक्की दाखवता ना, आणि घरात वडीलधारे कोण आहे, एवढेच विचारले. मी म्हटले, माझे वडील आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, माझे नाव घाला.

काल सकाळी मी पोचले तर त्या आधीच गडियारखाली उभ्या होत्या. ठेंगण्या, साठी उलटलेल्या, फिकट पातळ नेसलेल्या, कपाळ मोकळे. बाकीचे लोक म्हणजे बंगळूरचे एक जोडपे, त्यांची मुले आणि दिल्लीकडच्या दोन मैत्रिणी. मराठी कळणाऱ्या मुसळेबाई एकट्याच, म्हणून मी इतरांना इंग्रजीत सांगायचे आणि वाटेत चालता चालता त्यांना मराठीत. त्यांचे यजमान गेल्या पावसाळ्यात वारले, मूलबाळ नाही, हे त्यांनी मला मार्केटच्या दाराशी सांगितले. मी विचारले नव्हते.

मार्केटात त्यांनी एक नारळ आणि मल्लिगे, म्हणजे आमच्याकडचा मोगरा, घेतला. कुणासाठी, असे मी सहज विचारले. देवासाठी, म्हणाल्या. फुलवाल्याशी त्या कानडीत बोलल्या. इचलकरंजी सीमेलगत आहे, तिकडे कानडी येतच असेल, असे मी धरले. पुढे जुना टांगा अड्डा कुठे होता ते मी दाखवत होते, तेव्हा त्या म्हणाल्या की तो ह्या बाजूला नव्हता, समोर होता, पाण्याच्या हौदाला लागून. मला राग आला. चार पाने वाचून आलेली गिऱ्हाइके मला माझे गाव शिकवतात तेव्हा मला राग येतो. मी हसून म्हटले, असेल. आणि पुढे चालू लागले.

कोटाच्या सावलीत त्यांना दम लागला. पायरीवर बसून त्यांनी गोळी जिभेखाली ठेवली. जुने दुखणे आहे, पाच मिनिटांत उतरते, म्हणाल्या. मी रिक्षा बोलावते म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "नको ताई. चालतच जायचंय मला." म्हणून आम्ही सगळेच थोडा वेळ बसलो. मोहल्ल्याच्या गल्लीत शिरताना मी नेहमी पुढे असते. काल त्या माझ्या पुढे होत्या.

आमच्या घराचा मधला दरवाजा बुटका आहे. पर्यटकांपैकी एकजण तरी तिथे कपाळ आपटून घेतो, म्हणून मी आधीच ओरडून सांगते. मुसळेबाईंना वाकायचे कारण नव्हते, त्या सरळ गेल्या असत्या तरी वीतभर जागा उरली असती. तरी त्या मी सांगायच्या आत मान घालून, गुडघे किंचित वाकवून आत गेल्या. डोक्यावर भरलेली घागर असलेली बाई जाते तशा. मी ते पाहिले, पण मला त्याचे काही वाटले नाही. अप्पांनीही पाहिले. ते समोर खुर्चीवर बसलेले होते.

अप्पा पर्यटकांसाठी उठत नाहीत. बसल्या बसल्या हात जोडतात. काल ते उठून उभे राहिले. मला वाटले पूजेचा दिवस म्हणून असेल. त्यांनी बाईंना मराठीत विचारले, गाव कुठले. त्या म्हणाल्या, इचलकरंजी. अप्पा म्हणाले, प्रवास लांबचा झाला. त्या म्हणाल्या, हो, लांबचा. घरी कोण, असे अप्पांनी विचारले, त्या म्हणाल्या, कुणी नाही. मग अप्पा माझ्याकडे वळले. "गिरिजा, बाईंला पाणी दिलीस काय?" मी आतून पाणी आणले. अप्पांनी ते माझ्या हातातून घेऊन स्वतः त्यांना दिले. त्या दोघांचे बोलणे एवढेच झाले. साहेबांनी मला दोनदा विचारले, म्हणून मीही आठवून दोनदा सांगितले आहे.

साहेबांना टाक म्हणजे काय हे माहीत नव्हते. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली मूर्ती म्हणजे टाक. आमच्या मराठ्यांच्या देव्हाऱ्यात देवांचे टाक असतात, आणि घरात गेलेल्या माणसांचेही असतात. माणूस गेले की सोनाराकडून त्याचा टाक करून घेतात आणि देवांच्या शेजारी बसवतात. नवरात्रात देव हलवत नाहीत. खंडेनवमीला ते उठवून, आंघोळ घालून, ताम्हनात मांडतात आणि हत्यारांची पूजा झाली की पुन्हा जागच्या जागी बसवतात. म्हणून काल सगळे टाक उघड्या ताम्हनात होते.

मी लोकांना देव्हाऱ्यापुढे बसवून एकेक टाक दाखवला. खंडोबा, भवानी, जोतिबा, घोड्यावरचा आमचा मूळ पुरुष. शेवटी सगळ्यात लहान टाक. त्यावर बाईची आकृती आहे. मी नेहमी सांगते तेच सांगितले. ही माझी आत्या, भागीरथी. एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने ह्याच घरात वारली. लग्न व्हायचे होते. माझ्या आजोबांना इतके दुःख झाले की त्याच आठवड्यात त्यांनी तिचा टाक घडवला. दर नवमीला घरच्या मुलीने तिच्यापुढे हिरव्या बांगड्या ठेवायच्या, ते काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. मी शाळेत असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्याकडे मार्क मागत असे आणि नापास झाले की तिच्याशी अबोला धरत असे. इथे लोक हळवे होतात. ते होतात हे ठाऊक आहे म्हणून मी ते सांगते, आणि जिथे थांबायचे तिथे थांबते. काल दिल्लीच्या एका मैत्रिणीने डोळे पुसले.

मग मी तेच मुसळेबाईंना मराठीत सांगितले. त्या ताम्हनाच्या अगदी जवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटले, आजोबांनी सांगितले, सगळ्यांनीच सांगितले. त्यांनी विचारले, कुठे वारली म्हणतात. मी मधल्या खोलीकडे बोट केले. त्या त्या खोलीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, आणि भाऊ काय म्हणतो. मी म्हटले, अप्पा तिचे नाव काढत नाहीत, पण नवमीला तिच्यापुढचा विडा दुसऱ्या कुणाला ठेवू देत नाहीत.

त्यांनी शेवटचे विचारले ते असे की टाक जुना झाला, कुणाला नकोसा झाला, तर त्याचे काय करता. मी सांगितले, झिजलेले टाक आम्ही श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनीच्या घाटावर कावेरीत सोडतो. आमच्या घरच्या अस्थीही तिथेच सोडतात. त्या बरे म्हणाल्या.

पुढे मी सगळ्यांना मागच्या अंगणात पानक आणि कोसंबरी, म्हणजे डाळीची कोशिंबीर, द्यायला नेले. अंगणात माणसे मोजते तर मुसळेबाई नाहीत. देव्हाऱ्यापुढे नारळ आणि मल्लिगे ठेवलेली होती. ओट्यावर पिशवी होती. अप्पा रस्त्याच्या दारात काठीला टेकून उभे होते. बाई कुठे, विचारले तर म्हणाले, गेल्या. कुठे गेल्या, विचारले तर काठीने गल्ली दाखवली. त्यांचा चेहरा पडलेला होता. मला वाटले गुडघे दुखत असतील. मागे सहा माणसे खोळंबली होती, म्हणून मी फेरी पुरी करायला निघून गेले. पिशवी न्यायला बाई परत येतील असे मी धरले. पिशवी उघडून पाहिली असती तर गोळ्या तिथेच दिसल्या असत्या आणि मी त्यांच्या मागे गेले असते. मी ती उघडली नाही, ती आज ठाण्यात उघडली. ह्याचे मला वाईट वाटते, ते लिहून घ्यावे.

दुपारी परत आले तेव्हा घर उघडे आणि अप्पा नाहीत. देव जागेवर बसवताना लहान टाक नसल्याचे माझ्या लक्षात आले. दिवेलागणीला अप्पा आले. वहाणा धुळीने भरलेल्या होत्या आणि पाय सुजले होते. दहा पावले चालून बसणारा माणूस एवढा वेळ कुठे गेला होता ते त्यांनी सांगितले नाही. टाक गेला म्हटल्यावर त्यांना नवल वाटले नाही. मी म्हटले, अप्पा, जाऊ द्या, म्हातारी बाई आहे, मोह झाला असेल. ते म्हणाले, सकाळी ठाण्यात जायचे आणि चोरी झाली म्हणून लिहून द्यायचे. अप्पांनी आजवर कुणाविरुद्ध कागद दिलेला नाही. मी त्यांच्यावर चिडले, हेही खरे आहे.

आज दसरा. ठाण्यातले बहुतेक लोक मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेलेले. साहेबही निघण्याच्या घाईत होते. नखाएवढ्या चांदीसाठी आजच्या दिवशी माणसे कुठून आणू, असे ते म्हणाले, आणि त्यांचे चूक नव्हते. मलाही लाज वाटत होती. अप्पा हटले नाहीत. साहेबांनी विचारले, टाक मिळाला की तुमचे समाधान झाले ना. अप्पा म्हणाले, टाक राहू द्या, बाईंना शोधा. साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिले आणि त्यांना आपल्या खोलीत नेले. मी इकडे दत्तोजीरावांपुढे जबाब द्यायला बसले.

इथपर्यंत लिहून झाले तेव्हा साहेबांनी मला आत बोलावले. तिथे अप्पा जे म्हणाले ते मी माझ्या कानाने ऐकले. त्यांचे शब्द आहेत तसेच, कानडी अदक्के म्हणजे म्हणून तेही, घालावेत असे मी दत्तोजीरावांना सांगितले आहे.

अप्पा म्हणाले, "साहेब, मेलेलं माणूस हरवलं म्हणून तुम्ही लिहून घेता काय? नाही घेत. अदक्के चोरी लिवली. ती माझी धाकटी बहीण हाय. भागीरथी."

मग त्यांनी साहेबांना कानडीत आणि मला मराठीत असे थोडे थोडे सांगितले. भागीरथी वारली नव्हती. १९७१ साली इथल्या एका रेशीम गिरणीत यंत्रे बसवायला इचलकरंजीहून एक फिटर आला होता, कोष्टी समाजाचा. एका सकाळी ती त्याच्याबरोबर निघून गेली. गल्लीतून चालत गेली, कुणी अडवले नाही, कारण ती पाण्याला चालली असे सगळ्यांना वाटले. माझ्या आजोबांनी शोध केला नाही. ते सोनाराकडे गेले. नातेवाइकांना विषमज्वर म्हणून कळवले. टाक बसवला त्या दिवशी त्यांनी घरातल्या पुरुषांना खंडोबाचा भंडारा उचलायला लावला, की ह्या घरात तिला जिवंत म्हणणार नाही. तेव्हा अप्पा अठ्ठावीस वर्षांचे होते. माझी आई त्यानंतर घरात आली, तिलाही हे कळले नाही. आजोबा गेले, आई गेली, भंडारा उचलणाऱ्यांपैकी अप्पा एकटेच राहिले, आणि त्यांनी शब्द पाळला.

काल ती दारातून वाकून आत आली तेव्हाच अप्पांनी तिला ओळखले. साहेबांनी विचारले, मग बोलला का नाहीत. अप्पा म्हणाले, घरात होतो. ती बाहेर पडली की गल्लीत गाठून बोलायचे असे त्यांनी मनात धरले होते, म्हणून ते काठी घेऊन दारात जाऊन उभे राहिले. पण देव्हाऱ्यापुढून उठून ती त्यांच्या शेजारून गेली ती मान वर न करता. ते पायऱ्या उतरेपर्यंत गल्लीत कुणी नव्हते. मग ते बस स्टँडपर्यंत शोधत गेले. "मला बोलायचं नव्हतं काय, साहेब? पण घर होतं. हे ठाणं हाय, इथे बोलता येतं." असे ते म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले की तू परकी माणसे घरात आणायला लागलीस तेव्हा मी नको म्हटले नाही ते ह्यासाठीच. दार उघडे राहिले तर कधी तरी येईल असे वाटायचे.

मला अप्पांचा राग आला नाही. आत्याने टाक नेला ह्याचेही काही वाटले नाही. मला माझ्या आवाजाचा राग आला. ज्या आवाजात मी गिऱ्हाइकांना रडवते त्याच आवाजात मी तिला तिचे मरण सांगितले, आणि कुठे वारली ती खोलीही दाखवली.

मी तिथल्या तिथे साहेबांना पश्चिमवाहिनीचे सांगितले. त्यांनी लगेच श्रीरंगपट्टणला फोन लावला. बंदोबस्ताला जायचे ते गेले नाहीत. वर्णन सांगितल्यावर तिकडून काही वेळाने उलट फोन आला. साहेब फोनवर कमी बोलले. मग त्यांनी अप्पांना पाणी द्यायला सांगितले, आणि मला कळले. जबाब तिथे थांबवून आम्ही सरकारी गाडीतून श्रीरंगपट्टणला गेलो.

राजवाड्यात मिरवणुकीच्या तोफा झाल्या तेव्हा आमची गाडी गर्दीतून वाट काढत होती. अप्पांनी नोकरीत असताना घोड्यावरून आणि नंतर रस्त्याकडेला उभे राहून एकही जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, चुकवली नव्हती. तोफा मोजायची त्यांची सवय आहे. आज त्यांनी मोजल्या नाहीत.

यापुढचा मजकूर परत आल्यावर संध्याकाळी सांगते. घाटावर फुले विकणाऱ्या बाईने आम्हाला सांगितले ते असे. काल दुपार कलल्यावर एक ठेंगणी बाई येऊन शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली. तिच्या मुठीत काहीतरी होते. पुष्कळ वेळाने ती वर आली आणि मंडपात खांबाला टेकली. धाप लागली होती. फुलवालीने विचारले, सोडायला आणले होते ते सोडलेस का. तेव्हा ती कानडीत म्हणाली, आमच्या घरचं आहे, पाण्यात टाकवत नाही. घरी कोण आहे, बोलावू का, असे फुलवालीने विचारले. त्यावर ती म्हणाली, भाऊ आहे, त्याने पाणी दिलं. फुलवालीला वाटले भाऊ जवळच कुठे असेल, म्हणून ती आपल्या टोपल्या उचलून घरी गेली. आज उजाडताना घाट झाडणाऱ्यांना आत्या तशीच खांबाला टेकलेली सापडली. देह सरकारी दवाखान्यात ठेवला होता, तिथल्या डॉक्टरांनी हृदयाचे कारण सांगितले. वेळेवर गोळी मिळाली असती तर काय झाले असते, असे मी विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी मला बरे वाटावे म्हणून तसे सांगितले असावे.

तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारलेली होती. पंचांसमक्ष ती सोडली. आत टाक निघाला. तो मी ओळखला.

ओळख पटवायला अप्पांना आत नेले, मी हाताला धरून होते. अप्पा तिच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. तिथल्या पोलिसाने नाव विचारले. अप्पांनी माहेरचे पूर्ण नाव सांगितले, मग सासरचेही सांगितले. नाते विचारले. सख्खी बहीण, म्हणाले. मयत झाल्याचे केव्हा कळले, असे विचारल्यावर अप्पा म्हणाले, "आज कळलं. काल जिवंत होती. माझ्या घरी येऊन पाणी पिऊन गेली." पोलिसाने तेवढे लिहून घेतले.

अप्पांनी चोरीची तक्रार मागे घेतली आहे. तिची वस्तू तिने नेली, असे त्यांनी कागदावर सही करून दिले. देह आमच्या ताब्यात मिळाला आहे. तो पश्चिमवाहिनीला नेण्याआधी लष्कर मोहल्ल्यातल्या घरी न्यायचा आहे. मी त्यांना भंडाऱ्याचे विचारले. ते म्हणाले, ते मी खंडोबाशी बघून घेईन, पण आज घरात तिला नावाने हाक मारणार.

टाक परत घ्या, असे साहेबांनी त्यांना सांगितले. अप्पांनी तो घेतला नाही. इतकी वर्षे टाक सांभाळला, आज ती स्वतः घरी येते आहे, टाक आता कशाला, असे म्हणाले. म्हणून तो तूर्त ठाण्यातच आहे. हिरव्या बांगड्या मी घरून आणवल्या आहेत. ती विधवा होती, तिला त्या चालत नाहीत, असे आमच्या भावकीतल्या एकीने फोनवर सांगितले. इतकी वर्षे त्या मी तिच्यापुढे ठेवल्या आहेत, आजही ठेवणार आहे.

दत्तोजीरावांनी हे सगळे मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. मी सांगितले तेच आणि तसेच उतरले आहे. एकच दुरुस्ती मी मागितली. लिहिलेले खोडता येत नाही, खाली जोडता येते, असे ते म्हणाले, म्हणून इथे जोडते. वर जिथे जिथे मुसळेबाई असे आले आहे, तिथे तिथे माझी आत्या असे वाचावे.

सही : गिरिजाबाई जगताप (कानडीत)

समक्ष : दत्तोजीराव, हेड कॉन्स्टेबल